तळहाताचं अत्तर

सोयाबीन काढायला आलं की परभणीच्या हवेला एक कोरडा, भुसाचा वास येतो. मळणीयंत्रांची धूळ शहराच्या कडेकडेने आत शिरते, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि त्याच दिवसांत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोकळ्या मैदानात मांडवाचे बांबू येऊन पडतात. दोन दिवसांत पडदे लागतात, दिव्यांच्या माळा चढतात आणि संध्याकाळी पोरं-पोरी टिपऱ्या घेऊन तालमीला उभ्या राहतात. लोकांना हे दिवस आवडतात. मला आवडत नाहीत. मी खिडकी लावून घेतो, पण वास खिडकीला जुमानत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावरचे नाना तऱ्हेचे फवारे, गोड, झणझणीत, लिंबाचे, एकात एक मिसळून जिन्याने वर येतात. त्यात एखादा हिन्याचा असतो. तो आला की मी हातातलं काम ठेवतो आणि नकळत तळहात नाकाशी नेतो. तळहाताला आता कसलाच वास नसतो. फार तर साबणाचा असतो.

मी एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करतो. दिवसभर माणसं येतात, बाही वर करतात, मी त्यांचा दंड बांधतो, मूठ आवळायला सांगतो, स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि सुई घालतो. इतक्या लोकांचे हात माझ्या हातात येतात, पण मधे रबराचा हातमोजा असतो. माझ्या उघड्या हाताला दिवसभरात कुणाचा हात लागत नाही, हे कित्येक वर्षं मला जाणवलंही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत लॅबच्या दारावर कुणीतरी एक कागद डकवून गेलं. दर रविवारी सकाळी सात ते नऊ, एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, जोडीच्या नाचाचा वर्ग. वय कितीही चालेल, जोडीदार नसला तरी चालेल, असं त्यावर लिहिलं होतं. शेवटच्या ओळीवर माझी नजर अडकून राहिली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि एका खोलीत एकटा राहत होतो. एकटेपणा म्हणजे काय ते दिवसा कळत नाही, कामात जातो. रविवारी सकाळी मात्र तो खाटेवर शेजारी येऊन बसतो. म्हणून गेलो.

वर्ग घेणारे सर पन्नाशीचे होते. हैदराबादेत कुठल्याशा हॉटेलात बरीच वर्षं नाच शिकवून, गुडघा दुखायला लागल्यावर गावी परतलेले. पहिल्या दिवशी त्यांनी नाच शिकवलाच नाही. आम्हा वीसेक जणांना गोल बसवलं आणि फक्त जवळ कसं यायचं ते सांगितलं. नखं कापलेली हवीत. खिशात दोन रुमाल हवेत, पिशवीत दुसरा सदरा हवा, घाम आला की बदलायचा. येताना कांदा-लसूण खायचा नाही. मग अत्तरावर आले आणि तिथे बराच वेळ रमले. सुगंध असा हवा की जोडीदार जवळ आला तरच त्याला कळावा, आणि लांब गेला की त्याच्यासोबत जाऊ नये. कपड्यावर मारायचा नाही, कपडा तो धरून ठेवतो. कानामागे, मानेखाली, छातीवर, एवढंच. येण्याआधी निदान अर्धा तास लावायचा, म्हणजे त्याचा पहिला झणका घरीच उतरतो. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "तळहाताला लावू नका. नाचताना तो हात तुमचा नसतो, दुसऱ्याचा असतो."

बाकीचं सगळं मी ऐकलं. हे एवढंच ऐकलं नाही. त्यामागे कारण होतं, आणि ते सांगायला मला अजूनही जड जातं.

आमचं घर मेंढरांचं. राणीसावरगावाजवळच्या माळावर माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, साठेक मेंढरं राखायचे. मी जन्मलो तोच त्या वासात. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, धारोष्ण दुधाचा, घोंगडीत मुरलेल्या धुराचा तो वास. लहानपणी मला तो वास म्हणून माहीतच नव्हता, हवाच तशी होती. गंगाखेडच्या वसतिगृहात शिकायला गेलो तेव्हा तो वास आहे हे पोरांनी मला सांगितलं. मी खोलीत शिरलो की नाकाला बोट लावायचे. कुणी हळूच बें करायचं. मी दोन-दोनदा आंघोळ करायचो, पावडर थापायचो, सुट्टीवरून परत आलो की कपडे भिजत घालूनच खोलीत पाय ठेवायचो. पुढे नोकरी लागली, परभणीत राहायला लागलो, तरी तो वास माझ्या तळहातात राहिला असं मला वाटायचं. खरंच राहिला होता की डोक्यात बसला होता, ते आजही सांगता येणार नाही. पण उघडा हात कुणाच्या हातात द्यायची वेळ आली तेव्हा मला त्याच वासाची धास्ती वाटली.

पहिल्या दोन रविवारी मी औषधाच्या दुकानातून आणलेला फवारा मारून गेलो. दहा मिनिटं बरा वागायचा, मग घामात मिसळून त्याचं काहीतरी भलतंच व्हायचं. तेव्हा मी जुन्या बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांकडे गेलो. हातभर रुंदीचं दुकान, काचेच्या कपाटात रंगीत पाण्यासारख्या बाटल्या, आणि मधे चाचा, पाय दुमडून बसलेले. कायके वास्ते होना, त्यांनी विचारलं. मी लग्नाला जायचंय असं खोटंच सांगितलं. त्यांनी माझ्या एका मनगटावर खस लावलं, दुसऱ्यावर हिना, आणि बाजाराला एक चक्कर मारून यायला सांगितलं. अत्तर बाटलीत हुंगून घ्यायचं नसतं, अंगावर घेऊन फिरायचं असतं, म्हणजे आपल्या कातडीशी त्याचं पटतं की नाही ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मी भाजीवाल्यांमधून, भांड्यांच्या दुकानांवरून, रस्त्याच्या कडेला उघडलेल्या सुक्या मासळीच्या टोपल्यांवरून फिरून आलो. खसाचा हात गार, ओलसर मातीसारखा वाटत होता, पण त्याच्या खालून मला माझा तो वास येतच होता. हिन्याच्या हाताला हिन्याशिवाय काही नव्हतं. मी हिन्याकडे बोट केलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाबिग्नाचं काही नाही हे त्यांनी ओळखलं असावं.

"पसीने के काम में हिना नक्को बेटा," ते म्हणाले. "खस लेव. हिना पकड़ लेती, फिर छोड़ती नै."

मी हिनाच घेतला. दर रविवारी सकाळी कानामागे एक थेंब, आणि तळहातांवर एक-एक थेंब घेऊन हात हातावर चोळायचो. सरांना कळलं असतं तर त्यांनी मला हॉलबाहेर काढलं असतं.

वर्गात दर गाण्याला जोडीदार बदलायचा, पण तालमीपुरती एक जोडी ठरलेली असायची. माझी जोडी रेवतीशी लागली. एका शाळेत शिकवायची, माझ्याहून थोडी लहान, कमी बोलणारी. कोजागरीला सगळ्या जोड्यांचा छोटा कार्यक्रम ठरला होता. तिने पहिल्यांदा माझ्या हातात हात ठेवला तेव्हा मी पावलं विसरलो. तिने नाक मुरडलं नाही, मान वळवली नाही. "डावा पाय आधी," एवढंच म्हणाली. त्या दिवशी परत येताना मला रस्त्यातले खड्डेसुद्धा लागले नाहीत. प्रेम वगैरे शब्द मी वापरणार नाही, तेवढं काही घडलंच नाही. एका माणसाने माझा हात धरला आणि सोडायची घाई केली नाही, इतकंच. पण मला ते फार होतं.

त्याच दिवसांत आबांनी मला एक अट घातली होती. साथीत ते पंधरा दिवस दवाखान्यात होते. जीव वाचला, पण दम गेला आणि वास गेला. मेंढरं राखणाऱ्या माणसाचा वास जाणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. मेंढीचं तोंड हुंगून ते आजार सांगायचे. झुडपाआड कोल्हा येऊन गेला असेल तर त्यांना आधी कळायचं. आता दूध नासलं का हे बघायलाही मायला हाक मारावी लागायची. माय म्हणायची, विकून टाका, पोराकडे जाऊन राहू. आबा ऐकत नव्हते. शेवटी त्यांनी माझ्यावर टाकलं. एक गडी ठेवला होता, आठवडाभर तो बघेल. अश्विनात मेंढ्या विणार, त्या वेताला मी दर रविवारी यायचं, अडलेल्या मेंढ्या मोकळ्या करायच्या, कारण आबांना आता वाकलं की दम लागत होता. वेत नीट पार पडलं तर मेंढरं राहतील. नाहीतर दिवाळीनंतर विकायची. "तू आलास तर ऱ्हातील बाला, न्हाईतर न्हाई," असं ते सरळ बोलले. मी येतो म्हणालो. खरं सांगायचं तर मला मेंढरं हवी होती आणि त्यांचा वास नको होता. दोन्ही एका माणसाला मिळत नसतं, पण तेव्हा वाटलं, रविवारी सकाळी नाचेन आणि दुपारी मेंढरांत जाईन, एकाचं दुसऱ्याला कशाला कळतंय.

नऊला वर्ग सुटला की मोटारसायकलला किक मारायची. गोदावरीचा पूल, गंगाखेड, पुढे दोन्ही बाजूंना ऊस, मग चढ लागून खडकाळ माळ. बारापर्यंत पोहोचायचो. सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं बसवलेली असायची, भोवती जाळीचं कुंपण, मधे लिंबाची सावली. पहिल्याच रविवारी एक पहिल्या वेताची मेंढी अडली होती. पाय दिसत होता, डोकं मागे वळलं होतं. आबा शेजारी उकिडवे बसून सांगत गेले आणि मी हात घालून डोकं सरळ केलं, कोकरू ओढून काढलं, त्याच्या तोंडातली चिकट लाळ बोटाने काढली, नाकपुडीत फुंकलं. ते शिंकलं. मला इतका आनंद झाला की मी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. मग कोकरू मेंढीपुढे ठेवलं.

मेंढी वळली, हुंगायला तोंड पुढे केलं, आणि फुरफुरून मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा सरली. तिसऱ्या वेळी तिने कोकराला ढुशी दिली.

मेंढी आपलं पिल्लू नजरेने ओळखत नाही, वासाने ओळखते. पहिल्या घटकेत तिला जो वास मिळतो तो तिचा. म्हणून आमच्यात रीतच आहे की व्यायलेल्या मेंढीच्या कोकराला हात लावण्याआधी हात मातीत घासायचे, मग त्या मेंढीच्याच पाठीवर चोळायचे, आणि मगच कोकरू उचलायचं. चार वर्षांचा असताना मला हे शिकवलं गेलं होतं. त्या दिवशीही मी माती घेतली, पाठीवर हात चोळले, सगळं रीतसर केलं. तेलातलं अत्तर मातीला ऐकत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी नाचाच्या पावलांत होतो. आबांनी कोकराला मीठ चोळून पाहिलं, म्हणजे मेंढी चाटेल. मेंढीचे पाय बांधून पाजलं. सोडली की ती पळायची. पहिल्या वेताची हाय, समज न्हाई तिला, असं आबा म्हणाले. माय बाटलीने पाजत राहिली. गुरुवारी तिचा फोन आला की कोकरू गेलं.

पुढच्या रविवारी वर्गात रेवती तालमीच्या मधेच थांबली. पाणी प्यायला म्हणून मला बाजूला नेलं. बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या हाताचं अत्तर माझ्या ओढणीला लागतं. धुतलं तरी जात नाही. आई हुंगून बघते आणि काही बोलत नाही." तिचा हात माझ्या तळहाताला लागायचा, तोच हात ओढणी सावरायला जायचा, एवढी साधी गोष्ट होती. घरी तिने नाचाच्या वर्गात फक्त बायका असतात असं सांगितलेलं. मी पुन्हा लावणार नाही म्हणालो. का लावता, असं तिने विचारलं. आवडतं म्हणून, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो. त्या दिवसापुरतं तर ते हातावर होतंच.

रानात पोहोचलो तर आबांची एक जुनी, गुणाची मेंढी कळा देत होती. तिला जुळं होतं. पहिलं कोकरू मी काढलं, पुढे ठेवलं, आणि मेंढीने नाक लावून फुरफुर केली. त्या क्षणी मला रेवतीचे शब्द आठवले, आई हुंगून बघते. मी दोन्ही हात मागे घेतले. आबा घ्या आता, मी हात लावत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आबांना खोकल्याची उबळ आली होती, ते लिंबाला धरून वाकले होते, गडी दुसऱ्या टोकाला पाण्यावर गेला होता, आणि दुसरं कोकरू बाहेर पडून निपचित पडलं होतं. त्याला श्वास नव्हता. मी उचललं. फुंकलं, चोळलं, उलटं धरून झटकलं. ते जगलं. आणि मेंढीने त्यालाही ढकललं. मागच्या रविवारचं कोकरू आणि जुळ्यातलं पहिलं, दोन्हींना मी नकळत हात लावला, त्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीन. जुळ्यातल्या दुसऱ्याला मात्र मी जाणूनबुजून हात लावला होता. न लावता ते तिथेच मेलं असतं, हे खरं आहे, पण त्या खऱ्याचा मला फार उपयोग होत नाही.

आबा पुढे आले. दोन्ही कोकरं त्यांनी पुन्हा मेंढीला लावून पाहिली, वारेचं पाणी चोळलं, मीठ चोळलं, मेंढीला धरून बसले. ती त्यांच्या हाताला तोंड घासत होती आणि कोकरांना लाथाडत होती. शेवटी त्यांनी मेंढीला सोडलं. मग मायकडे बघून म्हणाले, "मपल्या हाताचा गुण गेला."

मी तिथेच उभा होतो. बोलायला एवढंच होतं की आबा, गुण तुमचा गेला नाही, माझ्या हाताला अत्तर आहे. पण अत्तर कशाला, हा पुढचा प्रश्न होता. नाचायला, हे एकवेळ सांगता आलं असतं. पोरगं बायांबरोबर नाचतं म्हणून माय चार दिवस रुसली असती. पण नाचायला तर इतरही जात होते, तळहाताला हिना चोळून कुणी जात नव्हतं. मी तो तुमचा वास झाकायला लावला, मेंढरांचा, घोंगडीचा, तुमच्या घराचा वास माझ्या हाताला येऊ नये म्हणून लावला, हे सांगावं लागलं असतं. आणि तो माणूस तर आता वास येत नाही म्हणून आपल्याच मेंढरांत आंधळ्यासारखा वावरत होता. मी दोन्ही कोकरांसाठी दुधाची बाटली भरायला गेलो. अधल्या-मधल्या दिवशी व्यायलेल्या मेंढ्यांनी आपली कोकरं सुखाने घेतली होती, कोकरं टाकली ती फक्त रविवारच्या मेंढ्यांनी. आबांना हे दिसलं नसेल असं मी धरून चाललो. धरून चालणं सोयीचं होतं.

तिसऱ्या रविवारी मी वर्गाला गेलोच नाही. आदल्या चार दिवसांत हात राखेने घासले, लिंबाने घासले, लॅबमधल्या स्पिरिटने पुसले, तळव्यांची सालं निघाली. वाटेत वाक्य घोकत गेलो. आज काय व्हायचं ते होवो, सांगून टाकायचं. जाळीपाशी पोहोचलो तर टेम्पो उभा होता. दिवाळीची वाट कशाला बघायची, असं आबा म्हणाल्याचं माय मला बाजूला घेऊन सांगू लागली. व्यापाऱ्याची माणसं फळी लावून मेंढरं वर चढवत होती आणि मेंढरं चढत नव्हती. काठ्या, आरडाओरडा, धूळ. थोड्या वेळाने आबा उठले, त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः फळीवरून टेम्पोत जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंडाने तो रोजचा आवाज काढला. एकामागून एक सगळी मेंढरं त्यांच्या मागे चढली, जुळ्यातलं बाटलीवर जगलेलं एक कोकरूसुद्धा. टेम्पो भरला. मग आबांना त्या गर्दीतून अंग चोरत बाहेर यावं लागलं, आणि मेंढरं त्यांच्या मागे पुन्हा उतरायला बघत होती. मी फळी ओढून घेतली. त्या दिवशी माझ्या हाताचा उपयोग झाला तो एवढाच.

वर्गाच्या सरांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रेवतीला दुसरा जोडीदार मिळाला, कोजागरीला ते छान नाचले, असं कानावर आलं. पुढच्या उन्हाळ्यात ती एकदा लॅबमध्ये आली, कसलीशी तपासणी होती. मी हातमोजे चढवले, दंड बांधला, मूठ आवळा म्हणालो. तिने मूठ आवळली. नाच सोडला का, असं तिने हळूच विचारलं. मी हो म्हणालो, बोळा लावून हात दुमडून धरायला सांगितला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. नंतर वाटलं, कशी आहेस तेवढं तरी विचारायचं. पण मला स्वतःला शिक्षा करण्याची एक सवय लागली होती, आणि त्या सवयीत दुसऱ्याशी कोरडं वागणंही बसून जातं. मेंढरं गेली त्याला मी कारण, मग मला नाचही नको. या हिशेबाने मी तीन वर्षं काढली आणि त्याला प्रायश्चित्त समजत राहिलो.

आबा-माय आता माझ्याजवळच असतात. दोन खोल्या आणि वर सामाईक गच्ची. माय शेजारणींत रुळली. आबा रुळले नाहीत, पण तक्रारही करत नाहीत. सकाळी चालून येतात, पेपर वाचायचा म्हणून धरतात, संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून खालचं मैदान बघत बसतात. परवा मी कपडे काढायला वर गेलो तेव्हा ते असेच बसले होते. ऊन कलत होतं. खाली तालीम चालू होती, दोन रांगा समोरासमोर, टिपरी वाजली की जो तो एक पाऊल सरकायचा आणि समोर नवं माणूस यायचं. आबा बराच वेळ बघत होते. हे दर खेपेला जोडी बदलतात का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. मग काय झालं कोण जाणे, कपड्यांचा ढीग तसाच हातात धरून मी सगळं सांगायला लागलो. वर्ग, हिना, तळहात. कशाला लावलं तेही सांगितलं, शब्द न बदलता. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

आबांनी मला मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मला तवाच कळालं हुतं."

मेंढी त्यांच्या हाताला चाटायची, माझा हात आला की फुरफुरायची, मग गुण कुणाच्या हाताचा गेला ते सांगायला नाक कशाला लागतंय, असं ते म्हणाले. नाचाचंही ठाऊक होतं. गंगाखेडच्या बाजारात कुणा पाहुण्याने सांगितलेलं, तुमचं पोरगं परभणीत बायांबाप्यांत नाचायला शिकायलंय.

"मंग तुमी बोलला कामून न्हाईत?" मी विचारलं.

"काय बोलू? तू येत हुतास रविवारचा, पर तुपलं ध्यान तिकडं. चांगलं हसायलास, बोलायलास. तसा कदी दिसला न्हाईस. म्हनलं मेंढरं ऱ्हायली तर ह्ये पोरगं जल्मभर रविवारी हितंच. जाऊ देत मेंढरं. नाचू दे त्याला." ते खाली मैदानाकडे बघत होते. "मपल्या हातावर घेतलं म्हंजे तुला कुनी इचारायचं न्हाई."

मी कपडे कठड्यावर ठेवले, पुन्हा उचलले. खाली टिपऱ्या थांबल्या होत्या, पोरं पाणी पीत होती.

"आला का मंग नाच?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. सोडला. त्याच साली."

ते माझ्याकडे वळले. माझ्या तोंडावर ते काहीतरी शोधत होते, आणि ते तिथे नव्हतं.

"मंग मेंढरं उगंच गेली म्हन की," ते म्हणाले.